सुकदेवची मूठ

शेजारच्या तोताराम महाजनांकडे फोन आला तेव्हा सुकदेव नुकताच पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून येऊन मोजे काढत होता. गावाहून फोन आहे म्हटल्यावर एक मोजा पायात, एक हातात अशा अवतारात तो महाजनांच्या बैठकीत जाऊन उभा राहिला. बाप गेल्याचंही याच फोनवर, याच सोफ्याच्या कडेला उभं राहून कळलं होतं. पलीकडे मोठा भाऊ झुलाल होता. पारोळ्याच्या एसटीडीच्या खोक्यातून तो असा ओरडत होता की फोन नसता तरी जळगावात मेहरूणपर्यंत ऐकू गेलं असतं. "सुकदेव, आयक. उद्या मुठी धरनी शेतस. तुनी धरू का नको?" सुकदेवला आधी कळेचना. "माझी म्हणजे? दरवर्षी धरताच की." "ते बाप धरे. आते मी धरनार शे. तू नास्तिक शे ना? तू बठ्ठा भाऊबंदसमोर सांगं व्हतं. मंग तुनी मूठ धरू का नही, ते तुलेच इचारनं पडी. तू देव मानस का नही, तेवढं सांग." महाजनांच्या बाई टीव्हीचा आवाज कमी करून, सौजन्याने दुसरीकडे बघत, कान देऊन बसल्या होत्या. सुकदेव म्हणाला, "भाऊ, हे काय फोनवर सांगायचं असतं का?" "मंग सकायमा ये. तुना तोंडनं सांग. तू येस तवलोंग मी गहूले हात लावत नही." आणि फोन बंद झाला.

"घरी सगळं ठीक ना?" महाजनांनी विचारलं. ठीक, म्हणून सुकदेव परत आला आणि उरलेला मोजा न काढताच खुर्चीत बसून राहिला. एवढीशी गोष्ट. श्रावणात घरी कानबाई, घरची देवी, बसते. ती बसायच्या आधी घरातला कर्ता माणूस दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू सुपात टाकतो, ज्याची त्याची नावं घेऊन. त्या गव्हाचे नैवेद्याचे रोट होतात आणि ते रोट फक्त घरच्यांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. पोर जन्मलं की त्याची मूठ त्या वर्षीपासून वाढते, माणूस गेला की त्याची मूठ जाते. मागच्या वर्षी दुखवट्यामुळे कानबाई बसली नव्हती, म्हणून बापाची मूठ जायची ती या वर्षी जाणार होती. आणि तिच्याबरोबर आपलीही जाऊ शकते, हे सुकदेवला पायात एक मोजा असताना कळलं. त्याला हसू यायला हवं होतं. सव्वा मूठ गहू! जळगावात किराणा दुकानदार तेवढे खाली सांडून झाडून टाकतो. पण हसू आलं नाही. ते खुपत राहिलं, आणि अशा फालतू गोष्टीनं खुपावं याचाच त्याला जास्त राग आला.

प्रमिला, त्याची बायको, मेथी निवडत होती. तिला त्याने सांगितलं ते विनोद म्हणून सांगितलं. "बघ, आमच्या झुलालला आता माझं प्रमाणपत्र हवंय. देव मानतो की नाही मानतो." प्रमिलाने मेथीवरची नजर काढली नाही. "मग द्या की. तुम्हाला तर पाठ आहे." तिचं माहेर चोपड्याकडचं, महानुभाव पंथाचं, तिच्या बापाने उपदेश घेतलेला, दुसऱ्या देवाच्या प्रसादाला बोट लावत नसे, आणि त्याच बापाची लेक इतकी वर्षं कानबाईचं पुरण वाटत आली होती, रोट लाटत आली होती. सुकदेवला हे आत्ता, मेथीच्या काड्यांकडे बघता बघता, पहिल्यांदाच विचित्र वाटलं. "तुला चालतं ते सगळं? म्हणजे तुझ्या मनातून?" प्रमिला थांबली. रागावली नाही, पण तिने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू फार दिवसांनी घरी कुणी पाहुणा आलाय. "मला कुणी विचारलंच नाही. तुमचं काय, तुम्ही न विचारता सांगता. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं." "काय सांगितलं असतंस?" "आता कशाला?" म्हणून तिने काड्या कागदात गुंडाळल्या आणि उठून गेली. आपल्याला मूठ धरू का म्हणून विचारतात तरी. हिची नि पोरींची तर मूठच नसते, हे त्याच्या मनात आलं. विषय तिकडे वळवून आपली सुटका होईल असं त्याला क्षणभर वाटलंही. बायकांची मूठ का नाही, यावर बोलता आलं असतं, ठासून बोलता आलं असतं. पण झुलालने ते विचारलेलं नव्हतं.

बोलून तर तो बसलाच होता. बापाच्या दहाव्याला, नदीवर, न्हावी वस्तरा घेऊन बसलेला असताना. झुलालचं डोकं करून झालं होतं, पांढरं फटक, ओळखू न येणारं. सुकदेवची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मला नको. माझा यातल्या कशावर विश्वास नाही. मी नास्तिक आहे." आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मग चुलतचुलत्यातले निंबा आबा, वयाने सगळ्यांत मोठे, कानामागे हात धरून मनापासून म्हणाले, "नास्तिक म्हंजे कोनता पंथ रे भो? महानुभावसारखा शे का?" दोघं-तिघं हसले. कुणीतरी त्यांच्या कानात ओरडून समजावलं, तर आबा म्हणाले, "देव मानत नही? मंग मानस काय?" सुकदेवकडे याचं उत्तर होतं. विज्ञान, माणुसकी, विवेक, असं सगळं. पण ओल्या वाळूत उभं राहून, समोर कावळ्यासाठी पिंड ठेवलेला असताना, ते शब्द तोंडातून निघेनात. झुलाल मात्र तुळतुळीत डोक्यानं सुकदेवकडे नुसता बघत राहिला होता. ती नजर दुखावलेल्या माणसाची आहे असं सुकदेवने तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि तेव्हापासून तो गावी जायचं टाळत होता.

खरं तर नास्तिक हा शब्दसुद्धा त्याने बऱ्याच दिवसांनी वापरला होता. धुळ्याला कॉलेजात असताना तो कडक नास्तिक होता. तेव्हा पाच-सहा मुलांचा अड्डा होता, पांझरेच्या काठी बसून ते देवाला पुराव्याअभावी बेदखल करत, आणि मग भजी खात. जळगावला नोकरी लागली, लग्न झालं, तसा तो बुद्धिवादी झाला. नास्तिक म्हटलं की वरिष्ठ जरा बिचकत, बुद्धिवादी म्हटलं की खुर्ची पुढे सरकवत. मग पोरी झाल्या, आणि थोरलीच्या आजारपणानंतर तो मनातल्या मनात अज्ञेयवादी झाला, पण हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर का झालास असं कुणी विचारलं असतं. जनगणनेचे मास्तर आले होते याच फेब्रुवारीत. त्यांनी धर्म विचारायच्या आधीच हिंदू लिहून टाकलं. सुकदेव उसळला. "मला न विचारता कसं लिहिलंत? काही नाही असं लिहा." मास्तर बिचारे घामाघूम. "साहेब, काही नाही कसं लिहू? कशात तरी घालावं लागेल ना तुम्हाला." आतून प्रमिला म्हणाली, "लिहा हो मास्तर हिंदू, आणि चहा घ्या." मास्तरांनी चहा घेतला. सुकदेवने पुढे हा किस्सा कचेरीत रंगवून सांगितला. महाजन तर त्यावर म्हणाले होते, "माझं सोपं आहे बुवा. मी शनिवारी मारुतीचा, गुरुवारी दत्ताचा, आणि बाकीचे दिवस माझा मी." सगळे हसले, सुकदेवही हसला. प्रत्येकाला आपला कप्पा माहीत होता. निदान ते तसे वागत होते.

सकाळी तो धुळ्याच्या गाडीत बसला. खिडकीबाहेर पाळधी, एरंडोल, गुडघाभर कपाशी, मध्येच ऊन, मध्येच चार थेंब. तो उत्तर जुळवत होता. धरू नको म्हटलं तर झुलाल धरणार नाही, हे नक्की. झुलालचं असंच, लहानपणी बापाने म्हटलं की बैल सावलीत बांध, तर सावली सरकेल तसा तो बैल सोडून पुन्हा पुन्हा बांधत बसे. मूठ नाही म्हणजे रोट नाही. सोमवारी सगळे जेवायला बसतील, आणि माय त्याच्या ताटात काय वाढेल? पाहुण्याला वाढतात ते. वरणभात. मायच्या हातचा तो वरणभात डोळ्यांसमोर आला आणि त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याला स्वतःची लाज वाटली. म्हणजे काय, चाळिशी उलटलेला माणूस रोटाच्या तुकड्यासाठी रडकुंडीला येतो? बरं, धर म्हटलं तर? तर मग त्या दिवशी नदीवर बाप डोळ्यांआड झाला असताना घातलेला तो तमाशा कशासाठी होता? डोक्यावरचे केस वाचवायला? एरंडोल गेल्यावर त्याला एक वाक्य सुचलं. देव मानत नाही, पण घर मानतो. म्हणून माझी मूठ धर. वाक्य त्याला आवडलं. त्यात दोन्ही होतं, आणि कुणी दुखावत नव्हतं. पारोळ्यापर्यंत तो ते घोळवत राहिला, आणि घोळवता घोळवता ते वाक्य त्याला कचेरीतल्या मसुद्यासारखं वाटायला लागलं, वरिष्ठांची हरकत येऊ नये म्हणून लिहिलेल्या.

आणि पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबलेली असताना, उघड्या खिडकीतून काकड्यांचा वास येत असताना, त्याला नको ते आठवलं. थोरलीचा ताप डोक्यात गेला होता तेव्हा. दवाखान्यात माय गावाहून आली, पदराच्या गाठीत कानबाईचा अंगारा घेऊन. डॉक्टरांसमोर तो मायवर ओरडला होता. "हे इथं चालायचं नाही. ही माझी मुलगी आहे." मायने गुपचूप पुडी त्याच्या हातात दिली आणि ती बाकावर जाऊन बसली. ती पुडी त्याने फेकायला हवी होती. फेकायला म्हणूनच तो व्हरांड्यात गेला होता. पण ती त्याने शर्टाच्या खिशात ठेवली, आणि पोरगी उठून बसेपर्यंत शर्ट बदलला की पुडीही बदलली, या खिशातून त्या खिशात, प्रमिलेला दिसू न देता. पोरगी बरी झाली ती इंजेक्शनांनी, याबद्दल त्याला तेव्हाही शंका नव्हती. मग पुडी का ठेवली? तेव्हा त्याने स्वतःला सांगितलं होतं की मायला वाईट वाटू नये म्हणून. पण मायला तर ती ठेवल्याचं माहीतच नव्हतं. गाडी सुटली, आणि तो पुढच्या फाट्यापर्यंत त्या प्रश्नाच्या अंगावरून हात फिरवत, त्याला न उचलता, बसून राहिला.

घरी सारवण झालं होतं, पितळी भांडी घासून उन्हात मांडली होती. मायने त्याला पाहिलं, पोरी तुनासंगे का नही उन्यात म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. जातं धुऊन तयार होतं, ती नि झुलालची बायको कुंदाबाई गव्हासाठी खोळंबल्या होत्या. झुलाल अंघोळ करून ओल्या धोतराने ओसरीत बसला होता, समोर निवडलेल्या गव्हाची पाटी आणि रिकामं सूप. तो उठला. सुकदेवला वाटलं आता इथंच, सगळ्यांसमोर होणार. पण झुलालने पाटी उचलली, सूप काखोटीला मारलं, आणि "इकडे ये" म्हणून त्याला मागच्या कोठीच्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलं. खोलीत गेल्या वर्षीच्या बाजरीचा आणि उंदराच्या औषधाचा वास होता, आणि कोनाड्यात, लाल फडक्यावर, उद्या बसायची कानबाई होती: पिढ्यान्पिढ्या जपलेला नारळ, चांदीचे डोळे, नाकात नथ, अजून शालू न नेसवलेली.

सुकदेवने घाईघाईने आपलं वाक्य म्हणून टाकलं. "भाऊ, मी देव मानत नाही, पण घर मानतो. म्हणून माझी मूठ धर." झुलालने ऐकलं, आणि पावसापाण्याचं काही ऐकावं तशी मान हलवली. "ते ऱ्हाऊ दे. मुठनं काय, ती मी धरसूच. माले दुसरं इचारनं शे." तो पाटीशी उकिडवा बसला. "तू देव मानत नही, ते पक्कं ना?"

"पक्कं."

"कव्हयपासून?"

"कॉलेजपासून म्हण."

"मंग तुले भ्याव लागत नही?" झुलालचा आवाज एवढा खाली आला होता की सुकदेवला वाकावं लागलं. "मंग तुले झोप कशी येस?"

झुलाल गव्हाकडे बघत बोलत होता. "बाप दुखनामा व्हता तव्हय मी काय करं नही? नवस करात. चोळी दिन्ही. वरीसभर पायमा चप्पल घाली नही. आन त्याले पानी गियता ये ना. पानी, सुकदेव. चमचाघाई देवा, ते भाहेर ये. तो मना तोंडकडे दखे." तो थांबला. मग कोनाड्याकडे न बघता, नुसता अंगठा तिकडे करून म्हणाला, "तव्हयपासून मी तिन्हाकडे दखस, ते माले नारळच दिखस. नुसता नारळ. चांदीना डोया चिकाडेल. कोनले सांगू? मायले सांगू? ती मरी जाई. तू नदीवर बठ्ठासमोर सांगं, तव्हय माले वाटनं, गावमा एक मानूस शे. हाई घीसन तो इतला वरीस जगी ऱ्हायना, त्याले ठाऊक व्हई. म्हनीसन फोन करा. तठे लोके व्हतात, मंग कसं इचारू? मूठनं इचारं."

म्हणजे नदीवरची ती नजर दुखावल्याची नव्हतीच. आणि सुकदेव ती नजर चुकवत वर्षभर जळगावात दडून बसला होता. त्याला वाटलं, सांगावं. सांगावं की भाऊ, मला काहीच ठाऊक नाही. मी हे घेऊन कधी जगलोच नाही रे. मला झोप येते, कारण मला माहीत असतं की इकडे तू आहेस; माझ्या पोरीला ताप आला की तू नारळ फोडलेला असतो, माझी बदली अडली की माय दिवा लावते, माझी मूठ बाप न विचारता धरायचा. तुम्ही सगळे मानत होता, म्हणून मला न मानणं परवडत होतं. हे त्याला इतकं उघड, इतकं लख्ख दिसलं की चोरी पकडली गेल्यासारखं त्याचं तोंड तापलं. धुळ्याची नदी, भजी, ते मोठमोठे शब्द, सगळं या कोठीतल्या बाजरीवर पोसलेलं. आणि आता हाच माणूस, ज्याच्या भरवशावर तो नास्तिक होता, तो ओल्या धोतराने समोर बसून विचारत होता की पुढे काय करायचं.

"तू शिकेल मानूस शे," झुलाल म्हणाला. त्याचा हात गव्हात रुतलेला होता, मनगटापर्यंत, आणि तो बाहेर काढायचा त्याला धीर होत नव्हता. "एकदाव सांगी टाक. देव शे का नही? तू सांगशी ते मी धरसू. आज मना हात चालत नही."

आतून मायचा आवाज आला. "झुलाल, धऱ्यात का मुठी?"

झुलाल वर बघत होता. डोळे लाल झालेले, झोप नसलेल्या माणसाचे. बाप गेल्यावर याचे केस पुन्हा आले ते सगळे पांढरे आले, हे सुकदेवला आत्ता दिसलं. त्या डोळ्यांत दुसरं काही नव्हतं, नुसती भीती होती, आणि ती बघवत नव्हती.

"शे," सुकदेव म्हणाला.

कितीतरी वर्षांत गावची बोली त्याच्या तोंडात आली नव्हती. ती आपणहून आली. झुलाल तसाच बघत राहिला. "खरं सांगस?"

"खरं. शे."

झुलालने खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसलं, खसाखसा, बराच वेळ. मग गव्हातला हात वर काढला, मूठ भरून. "हाई मनी," म्हणून त्याने ती सुपात सोडली आणि वर चिमटीने थोडे टाकले. मग पोराची. मग त्याने सुकदेवच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी लहानपणी पाहायचा तसं, मोकळं. "हाई तुनी," तो म्हणाला, आणि सव्वा मुठीपेक्षा चांगले जास्तच गहू घातले. "तू सांगं, ते बरं झायं. तू खोटं सांगस नही." सूप उचलून, कोनाड्यातल्या कानबाईला कपाळ टेकवून, तो मायला हाका मारत बाहेर गेला.

सुकदेव खोलीतच उभा राहिला. आपण आत्ता खोटं बोललो की खरं, हे त्याला स्वतःला सांगता येईना, आणि खिशातल्या पुडीसारखं हेही कुणाला सांगता येणार नव्हतं. बाहेर झुलाल काहीतरी बोलून हसला, त्यावर मायही हसली. त्या घरात फार दिवसांनी कुणी हसत होतं. सबंध आयुष्यात एक माणूस त्याच्यासारखा निघाला होता, आपल्या पायांनी त्याच्यापर्यंत आला होता, आणि त्याला त्याने एका शब्दात परत पाठवून दिलं होतं.